वाडीतल्या उजेडाचा हिशेब

पुण्याच्या भवानी पेठेत ज्यांच्या घराण्यात तीन-तीन पिढ्या सुपारीची आडत चालली, त्यांच्या घरी ‘श्रीवर्धनी रोठा’ हे नाव मुलांच्या कानांवर बाराखडीच्या आधी पडत आले आहे. पोत्यातून मूठभर नमुना काढावा, एक सुपारी अडकित्त्यात धरावी, तिचे दोन काप करून उजेडाकडे पाहावे, गराचा पांढरेपणा आणि तांबूस रेषा डोळ्यांत भरून घ्याव्यात आणि मग भाव बोलावा, हे शिक्षण पेढीवर कोणी देत नाही. ते बसल्या जागी अंगात मुरते. मात्र ही सुपारी ज्या झाडाला लागते ते झाड पेढीवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी उभे पाहिलेले असते. माल ओळखीचा आणि झाड परके, ही व्यापारातली नेहमीचीच गोष्ट आहे.

अशाच एका पेढीवर पंचेचाळीस वर्षे बसून व्यवहार मुलाच्या हाती दिलेले एक गृहस्थ वयाच्या सत्तरीत प्रथम दिवेआगरला गेले, तेही सुपारीसाठी नव्हे. त्यांची नात चित्रकलेचे शिक्षण घेत होती. चित्रकार, कलाशिक्षक, विद्यार्थी आणि हौशी मंडळी मिळून तीस-पस्तीस जण हिवाळ्यात तीन दिवस दिवेआगरला जमणार होते. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. ज्याने त्याने गावात, वाडीत, किनाऱ्यावर आवडेल तिथे बसावे, समोर दिसेल ते रंगवावे आणि शेवटच्या संध्याकाळी सगळी चित्रे गावकऱ्यांसमोर मांडावीत, एवढाच बेत. मुलीला एकटीने पाठवायचे की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी आजोबांनीच बॅग भरायला घेतली. ‘रोठा जिथून येतो ते गाव एकदा बघतो,’ असे ते सुनेला म्हणाले. त्यांनी स्वतः आयुष्यात सुपारीचे एक खांड तोंडात टाकले नव्हते, हेही येथे सांगून टाकलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्ककारक ठरवले, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या घरात ती केवळ मालाची आणि मंगलकार्याची वस्तू होती.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून म्हसळा, पुढे बोर्ली पंचतन आणि मग दिवेआगर. श्रीवर्धन तालुक्यातले हे गाव समुद्राला लागून आहे, पण गावात उतरल्यावर समुद्र दिसत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरांच्या पाठीशी नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या पलीकडे केवड्याची बने आणि सुरूची रांग, आणि त्याही पलीकडे चार-पाच किलोमीटर लांबीची सरळ पुळण. समुद्राकडे जायचे तर कोणाच्या तरी वाडीच्या कडेने, गडग्याच्या बाजूने जावे लागते. गाव जुने आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, येथील ताम्रपट अभ्यासकांना परिचित आहे आणि रूपनारायणाची कोरीव मूर्ती पाहायला जाणकार मुद्दाम वाट वाकडी करतात. परंतु बाहेरच्या जगाला दिवेआगर माहीत झाले ते १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला तेव्हा. पुढे मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा नाहीसा झाला. गावावर आलेली ती अवकळा अनेकांना आठवत असेल. खानावळी ओस पडल्या, खोल्यांना कुलपे लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. पण मधली जवळजवळ दहा वर्षे ज्या थोड्या लोकांची पावले गावाकडे वळत राहिली, ती समुद्रासाठी आणि वाडीच्या सावलीसाठी. या दोन गोष्टी तिजोरीत ठेवता येत नाहीत, आणि चित्रकार नेमक्या त्यांच्यासाठी आले होते.

पहिल्याच संध्याकाळी अडचण उभी राहिली. आजोबांचा चौविहार. पश्चिम किनाऱ्यावर चित्रकाराला हवा असलेला उजेड सूर्यास्ताच्या आधीच्या पाऊण तासातच मिळतो आणि श्रावकाचे ताट नेमके त्याच वेळी मांडावे लागते. जिथे मुक्काम होता त्या घरच्या बाईंनी कांदा, लसूण आणि बटाटा वगळून पाच वाजताच आमटी-भात, पोळ्या आणि केळफुलाची भाजी वाढली. भाजी निवडताना पाकळीन्‌पाकळी उलटून पाहिली होती, हे आजोबांच्या लक्षात आले. ‘आमच्याकडे मुंबईची तुमची माणसं येतात हो शेठ, आम्हाला ठाऊक झालंय,’ असे बाई म्हणाल्या. सहाच्या सुमारास ते पुळणीवर पोहोचले तेव्हा नात गुडघ्यावर पाटी घेऊन बसली होती, आणि तिच्यासारखे आणखी वीस-बावीस जण अंतरा-अंतराने त्याच समुद्राकडे पाहत होते. ओहोटी लागलेली. ओल्या वाळूवर आकाश उतरले होते. आजोबांना सर्वांत नवल वाटले ते शांततेचे. इतकी माणसे एका जागी आणि कोणी कोणाशी बोलत नाही, असे दृश्य त्यांनी प्रतिक्रमणाच्या वेळी उपाश्रयातच पाहिले होते.

जलरंगाचे एक वैशिष्ट्य व्यापाऱ्याला चटकन समजण्यासारखे आहे. त्यात पांढरा रंग वापरायचा नसतो. जे पांढरे दिसायचे आहे तिथे कागद कोरा सोडायचा असतो. लाटेचा फेस, होडीच्या कडेवरचे ऊन, झावळीच्या पात्याची चमक या सर्वांसाठी आरंभीच शिल्लक ठेवावी लागते. एकदा तिथे रंग पसरला की ती जागा परत मिळत नाही. नात हे समजावून सांगत होती तेव्हा आजोबा म्हणाले, ‘म्हणजे आधी शिल्लक, मग खर्च. आमची पेढी याहून वेगळी काय होती?’ तिने हसून एक जुना कुंचला आणि कागदाचा तुकडा त्यांच्या हाती दिला. कुंचला हातात घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो मात्र रंगाचा नव्हता. ‘हे केस कशाचे?’

हा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जावा असाच आहे, म्हणून येथे थोडे थांबायला हरकत नाही. चांगल्या जलरंगाच्या कुंचल्यासाठी जगभर ‘सेबल’ म्हणून विकले जाणारे केस आणि खारीच्या शेपटीचे केस नावाजले गेले. तैलरंगाच्या कुंचल्यांना डुकराचे राठ केस लागत. आपल्या देशात मुंगसाच्या केसांचे कुंचले वर्षानुवर्षे उघडपणे विकले जात होते. त्यासाठी मुंगसे पकडून मारली जात. वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले तरी विक्री थांबली नाही, तेव्हा २०१९ मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने अनेक राज्यांत छापे घालून साठे जप्त केले. गोष्ट कुंचल्यापाशी संपत नाही. काही जलरंग-कागदांना जिलेटिनची खळ असते. ‘आयव्हरी ब्लॅक’ म्हणून जो काळा रंग मिळतो तो हाडांच्या कोळशाचा असतो. जुना सेपिया माकुळासारख्या सागरी जिवाच्या शाईचा आणि जुना किरमिजी रंग किड्यांपासून काढलेला. उलट जलरंग बांधून ठेवणारा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा असतो, काजळीचा काळा निर्दोष असतो आणि आता नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे कुंचले इतके चांगले निघाले आहेत की शिकणाऱ्याचे काहीच अडत नाही. दुकानदाराला विचारायचे एवढेच. नातीने शिक्षण सुरू करतानाच हे विचारले होते. तिचे सगळे कुंचले कृत्रिम तंतूंचे होते आणि ही गोष्ट तिने घरी कधी मुद्दाम सांगितली नव्हती. आजोबांनी कुंचला परत एकदा उजेडात धरून पाहिला, नमुन्याची सुपारी पाहावी तसा, आणि पाण्यात बुडवला.

पाण्याचीही एक गंमत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत बसायचे ठरले तेव्हा त्यांनी विहिरीचे पाणी गाळण्यातून गाळून घेतले आणि गाळण्यावरचे पाणी रीतीप्रमाणे हलकेच परत विहिरीत सोडले. रंग धुवायचे पाणीही गाळलेलेच. गटातल्या एका तरुणाने यावर थट्टा केली; पण मग त्यानेच सर्वांना सांगितले की रंगीत पाणी वाळूत ओतू नका, बाटलीत भरून परत न्या. काही रंगांत कॅडमियम आणि कोबाल्ट असते आणि या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. पन्नासेक दिवसांनी पिले निघून समुद्राकडे चालू लागतात. घरट्यांना कुंपण घालून राखण होते, पण पाणी कुठे झिरपेल ते कोण सांगणार? गटातल्या प्रत्येकाने बाटली ठेवली.

वाडी रंगवणे समुद्र रंगवण्याहून फार कठीण. समुद्राला क्षितिज असते; वाडीला बाहेर पडायला वाट नसते. पोफळीची खोडे सरळ, राखी, गाठींच्या वलयांनी मोजल्यासारखी, आणि वर दूर कुठेतरी झावळ्यांची छत्री. खाली केळी, खोडांना बिलगलेले मिरवेल, मध्येच एखादे जायफळ, पायाशी पाण्याचे पाट आणि पाटांत पडलेल्या विऱ्या. नवशिका दुकानातून तयार हिरवा आणतो आणि फसतो, कारण वाडीत तयार हिरवा कुठेच नसतो. झावळीतून ऊन आरपार येते तिथे तो जवळजवळ पिवळा, खोडाच्या आडोशाला निळा, ओल्या मातीलगत जांभळट काळा. त्यातून कवडसे हलतात. दोन तासांत सगळ्या सावल्या जागा सोडून जातात, म्हणून चित्रकार घाईत असतो आणि तरीही त्याला घाई करून चालत नाही.

आजोबा एका जागी बसले ते उठलेच नाहीत. श्रावकाच्या बारा व्रतांतील देशावकाशिक त्यांना माहीत होते: एका दिवसापुरती आपल्या हिंडण्याफिरण्याची सीमा आखून घ्यायची आणि तिच्या पलीकडे जायचे नाही. घरी ते व्रत घेत तेव्हा मन मात्र बाजारात जाई. इथे नातीने पुठ्ठ्यात कापून दिलेली एक लहान चौकट डोळ्यांसमोर धरली तेव्हा बारा-चौदा खोडे, विहिरीचा काठ आणि मोडका रहाट एवढेच तिच्यात मावले, आणि दोन तास मनही त्याच्या बाहेर गेले नाही. याला व्रत म्हणता येणार नाही, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

वाडीच्या मालकीणबाई मधून मधून येऊन पाहत. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. ‘शेठ, अहो तुम्ही सरळ खोडं काढलीत, पण आमची वाडी आता अशी भरलेली कुठाय? ही बघा, मध्ये सगळी फट आहे.’ आजोबांनी मान वर केली आणि मग त्यांना ती फट दिसली. विहिरीच्या पलीकडे आकाश एकदम खाली आले होते. तिथे कमरेएवढी नवी रोपे होती, त्यांना सावली मिळावी म्हणून केळी लावलेल्या होत्या, आणि मातीत काही बुंधे अजून दिसत होते.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या याच पट्ट्यावर जमिनीवर चढले. टाळेबंदीचे दिवस होते. घरातच राहा असे सांगितलेले आणि घरांवरची कौले-पत्रे उडत होते. बाई सांगत होत्या, आवाज असा की जवळच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना, आणि पोफळी वाकत नव्हत्या, मधोमध मोडत होत्या. दोन-तीन तासांनी दार उघडले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा घराच्या मागच्या पडवीतून समुद्र दिसला. ‘सासऱ्यांनी लावलेली झाडं हो. तीन पिढ्यांत कोणी घरातून समुद्र पाहिला नव्हता. मला त्या दिवशी तो बघवेना.’

नुकसानीची मदत आधी हेक्टरावर मोजली जाणार होती. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि एका गुंठ्यात नारळ, पोफळ, मिरी, जायफळ, केळ अशी पाच पिके एकमेकांच्या सावलीत उभी असतात. हेक्टराचे माप तिला लागू पडेना. बरीच ओरड झाल्यावर झाडागणिक मदत ठरली: नारळाला २५० रुपये, पोफळीला ५० रुपये. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि पुढे ती दोन पिढ्या फळ देते. आजोबांचे डोके सवयीने आकडेमोड करू लागले आणि मग थांबले. कारण वाडीत फक्त झाडे पडली नव्हती, सावलीही गेली होती आणि सावलीला कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता. पोफळीला नैर्ऋत्येचे ऊन सोसत नाही. खोडावर थेट पडले तर साल भाजून तडकते. वादळातून वाचलेली कितीतरी झाडे पुढच्या दोन वर्षांत अशी उन्हाने गेली. चित्रकार ज्याच्यासाठी पहाटे उठतात तो उजेडच वाडीचा शत्रू झाला होता.

त्या जूनमधली भवानी पेठेची पेढी आजोबांना आठवली. टाळेबंदीमुळे आवक थांबलेली, त्यात वादळाची बातमी. गोदामात आदल्या हंगामाचा रोठा पडून होता. त्याला पुढच्या महिन्यांत चार पैसे जास्त सुटले. व्यवहार सरळ होता. कोणाला फसवले नव्हते, मुद्दाम अडवून ठेवले नव्हते. खातेवहीत ती रक्कम जमेच्या बाजूला व्यवस्थित लिहिलेली होती आणि दिवाळीला वहीपूजन करताना घरात सर्वांना बरे वाटले होते. यातले काही ते बाईंना बोलले नाहीत. बोलून काय सांगणार? त्यांनी एवढेच विचारले, ‘त्या फटीत कुठे कुठे झाडे होती, आठवते का?’

बाईंना प्रत्येक झाड आठवत होते. रहाटाजवळ दोन, त्यातले एक किंचित वाकडे, त्याला मुले लोंबकळत. पाटाच्या वळणावर तीन. गडग्यालगत सहा, ती सर्वांत जुनी. पलीकडे नारळ, ज्यावर दरवर्षी घार घरटे बांधी. त्या सांगत गेल्या आणि आजोबा कागदावर पेन्सिलीने एकेक रेघ ओढत गेले. उभ्या खोडांना रंग दिलेला होता. या रेघांना त्यांनी रंग दिला नाही. कुंचला नीट चालत नसल्यामुळे म्हणा, किंवा कागद कोरा सोडण्याची ती सकाळची शिकवण डोक्यात असल्यामुळे म्हणा.

रात्री गटातले एक वयस्क कलाशिक्षक ओटीवर बसून बोलत होते. उघड्यावर बसून चित्र काढणे ही आज इतकी सहज वाटणारी गोष्ट एका व्यापारी शोधामुळे शक्य झाली, हे त्यांनी सांगितले तेव्हा आजोबा पुढे सरकले. तैलरंग पूर्वी कुटून, तेलात घोटून तयार करावे लागत आणि जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावे लागत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायची कथलाची नळी काढली आणि चित्रकार घराबाहेर पडला. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथून शिकून गेलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेच्या काठी बसून त्याच त्या पाण्याची, वेगवेगळ्या प्रहरांची चित्रे काढत राहिले. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कित्येक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. सावंतवाडीहून आलेले सावळाराम हळदणकर जलरंगावरच्या प्रभुत्वासाठी नावाजले गेले आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांत ते होते. कोल्हापुरात रंगबहार ही संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. एकीकडे गायन-वादन चाललेले, दुसरीकडे झाडांखाली चित्रकार आणि शिल्पकार काम करताहेत आणि गावातली साधी माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहून पाहताहेत, असा तो प्रकार. आणि रंग परदेशातून मागवण्याचे दिवस ज्यांच्यामुळे सरले त्यांत दांडेकर बंधूंची कॅम्लिन होती. १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरुवात करून पुढच्या पिढीत ती चित्रकारांच्या रंगांकडे वळली. शिक्षकांनी हे नाव घेताच समोरच्या पोरांनी आपापल्या पेट्यांकडे पाहिले.

‘तुमच्यात मात्र चित्र म्हणजे देवाचेच, नाही का?’ कोणीतरी आजोबांना विचारले. प्रश्नात खोच नव्हती. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विज्ञप्तिपत्रांची गोष्ट सांगितली.

पूर्वी एखाद्या गावच्या श्वेतांबर संघाला आचार्य महाराजांना चातुर्मासासाठी बोलवायचे असले की नुसते पत्र जात नसे. कागदाची लांबच लांब गुंडाळी तयार करीत. काही गुंडाळ्या पुरुषभर उंचीच्या कितीतरी पट भरतील इतक्या. आरंभी अष्टमंगल आणि त्रिशलामातेची स्वप्ने, आणि मग साक्षात ते गाव: वेस, रस्ता, दुतर्फा दुकाने, दुकानांत बसलेले वाणी, सराफ, कापडवाले, मंदिरे, तलाव, जाणारे-येणारे लोक. खाली विनंतीचा मजकूर. महाराजांनी गुंडाळी उलगडत जावे आणि बसल्या जागी त्या गावच्या रस्त्यातून चालत यावे, अशी ती रचना. १६१० मध्ये आग्ऱ्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र सर्वांत प्रसिद्ध. ते शालिवाहन या चित्रकाराने रंगवले आहे आणि पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. ‘तेव्हा वाण्यांनी आपले गाव रंगवून घेतले होते,’ आजोबा म्हणाले, ‘आणि ते विकायला नाही, कोणाला तरी बोलवायला.’ कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही ते शत्रुंजयाच्या चित्रित पटासमोर उभे राहून वंदन करतात. तोही एका डोंगराचाच देखावा आहे, पायऱ्यांसकट. शिक्षकांनी हे सगळे वहीत उतरवून घेतले. नातीने घरात जन्म काढूनही यातले निम्मे ऐकलेले नव्हते, आणि आजोबांनाही ते इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मोठ्या घराच्या पडवीत दोऱ्या बांधून चिमट्यांनी चित्रे लावली. गावातली माणसे आली. मासे विकून परतणाऱ्या कोळणी टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. लोक चित्रे कशी पाहतात हा स्वतंत्र लिहिण्याचा विषय आहे. शहरातल्या दालनात माणूस चित्रासमोर गप्प होतो, इथे प्रत्येकजण बोट ठेवून बोलत होता. ‘हा नारळ आपल्या बाजूचा.’ ‘ही होडी उलटी काढली की काय?’ ‘अरे, याने तर आपला पत्रा गंजलेला काढलाय, आता बदलायला हवा.’ सूर्यास्ताचे एक देखणे तैलचित्र होते. त्यासमोरून सगळे भराभर पुढे गेले, कारण सूर्यास्त ते रोज पाहतात. नातीचे चित्र पाच खोडांचे होते. बाकीचा सगळा कागद कवडशांनी भरलेला आणि मधली फट कोरी, उन्हाने पांढरी झालेली. शिक्षकांनी ते दोनदा पाहिले. मुंबईच्या एका पर्यटकाने किंमत विचारली आणि ती देणार नाही म्हणाली.

आजोबांचा कागद शेवटच्या दोरीवर, कोपऱ्यात होता. खोडे बांबूसारखी, विहीर कढईसारखी. वाडीच्या मालकीणबाई त्यासमोर आल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग ओठ हलवत मोजू लागल्या. रंगवलेली चौदा. पेन्सिलीची दहा आणि एक नारळ. ‘शेठ, गडग्यालगत सहा होत्या. तुम्ही पाचच काढल्यात.’ आजोबांनी चष्मा वर करून मोजले. पाचच होत्या. त्यांनी खिशातून पेन काढले, पण नातीने त्यांना पेन्सिल दिली आणि पडवीच्या दिव्याखाली सहावी रेघ ओढली गेली. मग बाईंनी कागद मागितला. ‘किती द्यायचे?’ असे त्यांनी रीतीप्रमाणे विचारले आणि आजोबांनी रीतीप्रमाणे हात जोडले. खाली सही कर असे नातीने सुचवले तेव्हा त्यांनी सहीऐवजी वहीत घालतात तसा वर ‘श्री’ काढला आणि मिती लिहिली.

खाऱ्या हवेत जाड कागद लवकर वाळत नाही. सकाळी निघताना आजोबा वाडीत गेले तेव्हा बाईंनी तो अंगणातल्या खळ्यात, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांच्या शेजारी उन्हाला पसरला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर एकेक सुपारी ठेवली होती. आजोबांनी त्यातली एक उचलून सवयीने उजेडात धरली, मालाला अजून आठ-दहा दिवसांचे ऊन लागेल असे सांगितले, आणि ती परत कोपऱ्यावर ठेवून दिली.